चाचणीसाठी केलेली ठकुबाई

१

रोज सकाळी चहा झाला की मी संगणक लावतो आणि काल काय विसरलो ते शोधतो. हे वाटतं तितकं अवघड नाही. विसरलेली गोष्ट सापडत नाही, पण तिच्या आजूबाजूच्या गोष्टी सापडतात, आणि मधे जी मोकळी जागा राहते तिच्यावर बोट ठेवता येतं. मी आयुष्यभर मातीचे नमुने तपासले. मातीतून काय निघून गेलंय तेही असंच कळतं.

आमचं घर भिवंडीजवळच्या पूर्णा गावात. पूर्वी ओट्यावर बसलं की भातशेती दिसायची आणि तिच्यापलीकडे खाडीचा बांध. आता गोदामांची निळी छपरं दिसतात. घराच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमागांचा, लूमचा, कारखाना आहे. त्याचा खडखडाट इतका सततचा की तो थांबल्यावरच ऐकू येतो. घरात आम्ही दोघं, मी आणि माझी थोरली बहीण आक्का. ती लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा होऊन माहेरी परतली. मी लग्न केलं नाही. मृदाशास्त्रात डॉक्टरेट केली, गावोगावच्या कृषी महाविद्यालयांत शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर परत आक्काच्या हातचं जेवायला आलो.

एके दिवशी मी परसातल्या विहिरीपाशी उभा होतो आणि विहिरीला काय म्हणतात ते मला आठवेना. पाणी, रहाट, दोर सगळे शब्द होते. मधला एकच नव्हता. थोड्या वेळाने तो आला. पण तेवढ्या वेळात मला वडील आठवले. शेवटच्या वर्षांत ते आम्हा सगळ्यांना 'पाहुणे' म्हणायचे. आईलासुद्धा. पाहुण्यांना पाणी द्या, असं आईलाच सांगायचे.

त्या संध्याकाळी मी ठरवलं की जे जे ठाऊक आहे ते लिहून ठेवायचं. माणसं, झाडं, विहिरी, बांध, कुणाची आवड, कुणाच्या सवयी. डोक्यावर माझा विश्वास उरला नव्हता. विश्वास ठेवायला काहीतरी लागतं.

२

ते कसं लिहायचं हे मला हेमालीने शिकवलं. हेमाली माझ्या धाकट्या भावाची, नामाची, मुलगी. शेजारच्या नव्या बंगल्यात राहते. मानकोलीला एका गोदामाच्या ऑफिसात कोणता माल कुठे पोचला ते संगणकावर बघायचं तिचं काम.

"काका, जाडजूड प्रोग्राम नको," ती म्हणाली. "साध्या टेक्स्ट फाईली करा. एका माणसाची एक फाईल. पन्नास वर्षांनी पण उघडतील."

"पन्नास वर्षांनी कोण उघडणार आहे?"

"मी! तुमच्या सगळ्या भानगडी मला कळायला नकोत?"

तिने एक एडिटर टाकून दिला. लिहिता लिहिता एखादं नाव दुहेरी चौकटी कंसात टाकलं की त्याचा दुवा होतो. दुव्यावर कळ दाबली की त्या नावाची फाईल उघडते. तशी फाईल नसेल तर एडिटर तक्रार करत नाही, त्या नावाची कोरी फाईल तयार करून समोर ठेवतो. म्हणजे आधी नाव, माणूस मागाहून. मला ही पद्धत फार आवडली. मी प्रत्येक माणसासाठी एक ठरावीक नमुनाही केला: नातं, हयात, राहण्याची जागा, सवयी, आवड, आठवण. नवी फाईल आली की नमुना चिकटवायचा आणि भरत जायचं.

पहिली फाईल आक्काची. आठवणीत मी लिहिलं की लहानपणी ती भरतीच्या वेळी खाडीत पडली होती. हे खरं आहे. मी तेव्हा जन्मलो नव्हतो, पण आईने ही गोष्ट अनेकदा सांगितली होती. सगळे शोधून थकले तेव्हा आक्का बांधावर बसलेली सापडली, नखशिखांत भिजलेली आणि अगदी शांत. तिला बाहेर कुणी काढलं ते कधीच कळलं नाही. तिथे माझं वाक्य अडलं.

"आता लिंक टाकून बघा," मागून वाकून हेमाली म्हणाली. "कुठलंही नाव टाका. चालते का बघू."

समोर अर्धं वाक्य होतं, म्हणून मी तेच पुरं केलं: ठकुबाईने हात धरून बाहेर काढली. ठकुबाईला कंस घातला. कळ दाबली. कोरी फाईल आली.

"चालली! पण ही कोण?"

"कुणी नाही. चाचणी."

"मग नमुना पण भरून बघा ना."

मी भरत गेलो. नातं, आजोबांची भावजय. हयात, नाही. राहण्याची जागा, मागची खोली. सवय, आतून कडी लावून बसणे. हसायला येत होतं. आवड या शब्दापुढे मी थांबलो.

"लिहा की काहीतरी," हेमाली म्हणाली. "उपाशी ठेवू नका बिचारीला."

मी लिहिलं: भाजलेले चिंचोके. तेवढ्यात आक्काने चहाला हाक मारली आणि आम्ही उठलो. ती फाईल नंतर पुसायची होती. ती पुसायची राहिली, हे मी कुठेही लिहून ठेवलं नाही.

३

पितृपक्षात आमच्याकडे घरातल्या प्रत्येक गेलेल्या माणसाच्या नावाने वेगळं पान वाढतात. ज्याचं पान राहिलं तो वर्षभर दारात उभा राहतो, असं आई म्हणायची. आक्काला दरवर्षी हीच धास्ती. सगळं वाढून झाल्यावरही ती परसात उभी राहून बोटं मोजायची आणि एखादं नाव आठवून पुन्हा चुलीकडे धावायची.

त्या वर्षी मी रुबाबात म्हटलं, "आक्का, यंदा कुणी राहणार नाही."

सगळ्या फाईलींत एकदम शोध घेता येतो. 'हयात: नाही' एवढंच मी शोधलं. नावांची रांग खाली आली, ती मी छापून घेतली. कागदावर नुसती नावं होती, बाकी एक अक्षर नव्हतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी तो कागद पुन्हा पुन्हा तपासला.

परसातल्या कठड्यावर केळीची पानं मांडली होती. मी नाव वाचायचं, आक्काने वाढायचं. वडे, खीर, अळूची भाजी. वडिलांच्या पानावर तिने विडी ठेवली, काकांच्या पानावर सुका जवळा. मी वाचत होतो, आणि वाचता वाचताच म्हणालो, "ठकुबाई."

तोंडाने नाव घेतलं आणि मग डोक्याला कळलं. मला इतकी लाज वाटली की मी गप्प राहिलो. वाटलं, आक्का विचारेल ही कोण म्हणून, मग हसून सांगू.

आक्काने खिरीचा डाव उचलला होता, तो तिने परत ठेवला. "थांब जरा," म्हणाली आणि आत गेली. डबे हलल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिची मूठ बंद होती. पानाच्या कोपऱ्यात तिने मूठ उघडली.

भाजलेले चिंचोके.

"हिला खीर नको व्हती कंदी," आक्का म्हणाली. "पुढलं नाव घे रं."

कावळे उशिरा आले. वडिलांच्या पानाकडे त्यांनी पाहिलंही नाही. एक मोठा कावळा कठड्यावरून चालत त्या पानापाशी गेला, एक चिंचोका उचलला आणि मागच्या खोलीच्या कौलांवर जाऊन बसला. कावळा चिंचोका खात नाही. त्यानेही खाल्ला नाही. चोचीत धरून तो बसून राहिला.

४

दुसऱ्या दिवशी मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आक्का, ठकुबाई म्हणजे आपली कोण गं?"

आक्काने निवडायचे तांदूळ मांडीवरून खाली ठेवले. वडिलांकडे आई ज्या नजरेने बघायची तशी तिने माझ्याकडे पाहिलं.

"चांगू, बरा हायस ना?"

"हो. असंच, लिहून ठेवायला."

"आज्याची भावजय ती. मागल्या खोलीत ऱ्हायची. आतनं कडी लावून बसाची, कोन हाक मारल तरी उघडाची न्हाय. तुझा जल्म व्हयाच्या आधीच गेली." मग तिने उजवं मनगट पुढे केलं. "मना खाडीतनं तिनंच त काढली. इतका जोरात धरला व्हता हात, आजून दुखतो कवा कवा."

मनगटावर काही नव्हतं. म्हातारी कातडी होती, हिरव्या शिरा होत्या.

मी आत येऊन खुर्चीवर बसलो आणि शक्यता मांडल्या. एक, ठकुबाई खरोखर होऊन गेली. लहानपणी तिच्याविषयी कानावर पडलं, मी ते साफ विसरलो, पण बोटांनी ते बरोबर बाहेर काढलं. तसं असेल तर माझं डोकं मला वाटतं त्याहून जास्त पोखरलं आहे. दोन, आक्काचं वय झालंय. एखादं नाव मोठ्याने वाचलं की ती त्याला हातपाय जोडते. पण चिंचोक्यांचं काय? ते कागदावर नव्हते. फाईल आक्का वाचू शकत नाही. तिला वाचताच येत नाही.

हेमाली ऑफिसातून आली तेव्हा मी तिला फाटकातच गाठलं.

"ठकुबाई? काय काका! तुम्ही टेस्ट म्हणून टाकलेली ना?" ती हसली. "मीच बोलले होते, उपाशी ठेवू नका."

"तू आक्काला काही बोललीस?"

"मी कशाला बोलू? पण सॉल्लिड झालं हे. फुकटात जेवून पण गेली बाई!"

मला इतका आनंद झाला की मी तिचा हात धरून हलवला. साक्षीदार होती. ठकुबाई मीच बनवली होती, माझं डोकं शाबूत होतं. त्या आनंदात, मग उरलेली शक्यता कोणती, हा विचार मी केला नाही. तो रात्री अंथरुणावर पडल्यावर आला.

५

त्या काळात भिवंडीत दुपारचं भारनियमन असायचं. वीज गेली की मागचे लूम एकाएकी थांबत. कान काही क्षण बधिर होत, मग हळूहळू लहान आवाज वर येत. रहाटाचं किरकिरणं, कुणाच्या तरी मोबाईलची घंटा, दूर वळण घेणाऱ्या ट्रेलरचा भोंगा.

आणि आता आणखी एक. कट्ट.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पंखा थंड होतोय असं समजलो. पण तो आवाज ओळखीचा होता. लहानपणी आम्ही सगळेच तो करायचो. दाढेखाली चिंचोका धरायचा आणि दाबायचा. कट्ट. मग जरा वेळ काही नाही, कारण चघळायला वेळ लागतो. मग पुन्हा.

आवाज मागच्या खोलीतून येत होता. तिथे कुणी राहत नाही. जुनी जाळी, नांगराचा फाळ, वडिलांची पेटी आणि माझ्या मातीच्या नमुन्यांच्या बाटल्या आहेत. मी पडवीतून गेलो, दार ढकललं. आतून कडी होती.

उंदीर, मी मनाशी म्हटलं. कडीचंही कारण होतं. रस्त्यावरून ट्रेलर गेले की ही भिंत हादरते; सैल कडी आपोआप पडू शकते. संध्याकाळी पुन्हा गेलो तर दार नुसतं लोटलेलं होतं. आत जमिनीवर, खिडकीतून उन्हाची तिरीप पडते तिथे, चिंचोक्यांची टरफलं होती. विखुरलेली नव्हती. एका बाजूला नीट सारून ठेवलेली, जशी घरातली बाई ठेवते.

खरं तर मी घाबरायला हवं होतं. थोडा घाबरलोही. पण मी टरफलं कागदात गुंडाळली, त्यावर तारीख घातली आणि नमुन्यांच्या फळीवर ठेवली. माझ्या हाताला ती सवयच आहे. आणि मनात एक प्रश्न आला तो काही केल्या जाईना: मी आणखी लिहिलं तर?

दुसऱ्या दिवशी ठकुबाईच्या फाईलीत मी एक ओळ वाढवली: डाव्या करंगळीला नख नव्हतं. मुद्दाम असं काहीतरी निवडलं की जे कुणाला सहज सुचणार नाही. कुणालाही सांगितलं नाही. हेमालीलाही नाही.

आक्का ओट्यावर बोंबील साफ करत होती. मी वर्तमानपत्र घेऊन शेजारी बसलो. बऱ्याच वेळाने ती आपणहून म्हणाली, "ठकुबाय काय सफाईनं करायची हे. आन् ते पन नख नसताना."

माझ्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. "कसलं नख?"

"करंगलीचं. डाव्या हाताचं. व्हडीच्या दोरात गेलेलं. सांगितलेलं तुला, इसरलास?"

होडीचा दोर मी लिहिला नव्हता. मी फक्त नख लिहिलं होतं. बाकीचं कुठून आलं, असा प्रश्न मला पडला आणि त्या दुपारी, कबूल करायला हवं, मला फार वर्षांनी प्रयोगशाळेत असल्यासारखं वाटलं. मी जेवण विसरलो. विसरलो हे मला कळलंही, आणि त्याची भीती वाटली नाही.

६

प्रयोग उलटा करून पाहिल्याशिवाय पुरा होत नाही, असं मी विद्यार्थ्यांना सांगायचो. घातलं की काय होतं ते पाहिलं. आता काढलं की काय होतं ते पाहायचं.

ठकुबाईची आख्खी फाईल पुसायचं धाडस झालं नाही. लहान बदल निवडला. आक्काच्या फाईलीतलं ते एक वाक्य, जिथून हे सुरू झालं. ठकुबाईने हात धरून बाहेर काढली. मी ते निवडलं, पुसलं आणि फाईल सेव्ह केली. आता तिथे एवढंच उरलं: लहानपणी भरतीच्या वेळी खाडीत पडली.

वाक्य पूर्णविरामाने संपत होतं. मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. काहीतरी चुकलं आहे असं वाटलं, पण काय ते लक्षात येईना.

तेवढ्यात वीज गेली. लूम थांबले. संगणक यूपीएसवर चालू राहिला आणि यूपीएस ओरडू लागला, त्याचा तो टी, टी, टी आवाज. मी मागच्या खोलीकडे कान लावला. कट्ट नव्हतं. मी वाट पाहिली. नव्हतंच.

मग ओट्यावरून आक्काचा आवाज आला. हाक नव्हती. पाण्याचा घोट चुकल्यावर येतो तसा आवाज.

मी बाहेर धावलो. ती भिंतीला टेकून बसली होती, सूप मांडीवर, तांदूळ सगळीकडे सांडलेले. केसांतून पाणी ठिबकत होतं. लुगडं पोटऱ्यांपर्यंत चिखलाने काळं झालं होतं. ओठ निळे. तोंड उघडमीट होत होतं, पण श्वास आत जात नव्हता. डोळे मात्र माझ्यावर होते.

"हात सोरला रं," असं काहीसं ती म्हणाली. "तिनं हात सोरला."

आणि तेव्हा मला कळलं त्या वाक्यात काय चुकलं होतं. ती पडली, एवढंच मी ठेवलं होतं.

मी तिला तशीच सोडून आत पळालो. माणूस असा वागतो का? बहीण गुदमरतेय आणि मी कळफलकाकडे! मला आजही स्वतःला ते नीट समजावता येत नाही. यूपीएसचा आवाज आता न तुटता येऊ लागला होता, म्हणजे बॅटरी संपत आली होती. बोटांना अक्षरं सापडेनात. कंसाची कळ कुठे ते आठवेना. ठकुबाईने. हात. धरून. मी मोठ्याने म्हणत होतो आणि टाईप करत होतो. बाहेर काढली. सेव्ह केलं की नाही याची खात्री करण्याआधी पडदा काळा झाला.

पूर्ण शांतता.

मग मागच्या खोलीत कडी निघाल्याचा आवाज झाला. पडवीतून कुणीतरी चालत गेलं, अनवाणी, ओली पावलं टेकवत. माझ्या खोलीच्या दारावरून गेलं. मी वळून पाहिलं नाही. मला वाटतं, मी डोळे मिटले होते.

ओट्यावर आक्काने एक लांब श्वास घेतला, आणि ती खोकायला लागली.

७

"दम्याचा झटका," डॉक्टर म्हणाले. औषध दिलं. केस ओले कसे, तर न्हाताना त्रास सुरू झाला असेल. आक्काला काही आठवत नव्हतं. ती दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापत होती.

चिखल मात्र मी चिमटीत घेऊन पाहिला. ही माझी विद्या आहे, तिच्याबद्दल मला शंका नाही. आमच्या अंगणातली माती तांबडी. ही काळी, बारीक, चिकट आणि खारी होती. खाडीच्या भरतीचा गाळ. खाडी आता गोदामांच्या पलीकडे आहे, आक्का तिथवर चालू शकत नाही. तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. गटार तुंबलं असेल. टँकर सांडला असेल. मी तो गाळही बाटलीत भरून ठेवला.

वीज आल्यावर पहिलं काम म्हणजे फाईल उघडली. वाक्य होतं.

संध्याकाळी मी हेमालीला बोलावून सगळं सांगितलं. ती नेहमीसारखी हसेल, साक्ष देईल आणि मला मूर्खात काढेल, अशी माझी आशा होती.

ती हसली नाही. माझ्या हातावर हात ठेवून हळू बोलली. "काका, ठकुबाई आजीच्या नावाने कोण टेस्ट करतं? टेस्टला आपण 'अबक' नावाची फाईल केली होती. मीच पुसली नंतर."

"तू म्हणालीस, उपाशी ठेवू नका बिचारीला."

"ते पितरांच्या वेळी बोलले असेन." तिने हात काढला नाही. "काका, ठाण्याच्या त्या मेंदूच्या डॉक्टरांकडे पुन्हा जाऊन येऊ या का? मी सुट्टी टाकते."

मी हो म्हटलं. नाही म्हणायला माझ्याकडे काय होतं? फाईल कोणत्या दिवशी तयार झाली ते एडिटर सांगतो; पण त्यावरून फाईल कधी झाली ते कळतं, माणूस कधी झालं ते नाही. कदाचित हेमालीचंच खरं असेल. कदाचित मीच घरातल्या सगळ्यांत शेवटी ठकुबाईला आठवलं असेन.

पण मी धोका पत्करला नाही. सगळ्या फाईलींच्या फोल्डरच्या प्रती सीडींवर काढल्या. पेनड्राईव्ह केला. एक प्रत हेमालीला तिच्या ऑफिसात ठेवायला दिली.

"एवढ्या कॉप्या कशाला, काका?"

"मी नसलो तर ही फाईल कुणी पुसायची नाही. आक्का आहे तोवर तरी. शब्द दे."

"दिला, बाबा," ती म्हणाली. "आजी बॅकअपला आहे म्हणून सांगते बॉसला."

८

पुन्हा पितृपक्ष आला. मी पुन्हा तोच शोध घेतला, नावं छापली आणि या वेळी परसात जाण्याआधी एकेक तपासून पाहिलं. ठकुबाईचं नाव नव्हतं.

मी तिची फाईल उघडली. सगळं जसंच्या तसं होतं. नातं, मागची खोली, कडी, चिंचोके, नख नसलेली करंगळी. एक शब्द वेगळा होता.

हयात: आहे.

शेवटचा बदल त्या यूपीएसच्या दुपारचा होता. त्या दुपारी मी आक्काची फाईल उघडली होती, ठकुबाईची नाही. असं मला आठवतं. घाबरलेल्या म्हाताऱ्याच्या बोटांनी काय काय केलं असेल, कोण सांगणार? मी तो शब्द बराच वेळ पाहत राहिलो. दुरुस्त करायला हात उचलला आणि परत मांडीवर ठेवला. बाहेर ओट्यावर आक्का खोकत होती, साधं, नेहमीचं. मी शब्दाला हात लावला नाही.

परसात पानं वाढून झाली. मी कागदाची घडी घातली. "आक्का, ठकुबाईचं नाही घातलं," मी म्हटलं. मला तिचं उत्तर ऐकायचं होतं.

"येडा झालास काय? जित्या मानसाचं पान कोन घालतं?" ती आत गेली आणि स्टीलचं ताट घेऊन आली. वडे, भाजी, आणि कडेला मूठभर चिंचोके. "जा, दे तिला. नेमी मीच नेते. तू एकदा पन गेला न्हायस, तिला वाईट वाटतं."

नेहमी. मी ताट घेतलं.

मी पडवीत पोचलो आणि लूम थांबले. भारनियमनाची वेळच होती ती. दारापाशी उभं राहून मी ताट उंबऱ्यावर टेकवलं. वडिलांच्या त्या वर्षांत आई त्यांच्या खोलीच्या दारात अशीच उभी राहायची.

आत कडी सरकली. दार उघडलं, पण फक्त ताट जाईल इतकंच. फटीतून खाडीचा वास आला. अंधारातून एक हात बाहेर आला. तो भिजलेला होता, बराच वेळ पाण्यात राहिल्यावर कातडी होते तसा पांढरा, सुरकुतलेला. तो डावा होता. मी येताना ठरवलंच होतं की काही झालं तरी करंगळी पाहायची. निरीक्षण ते निरीक्षण. मी नजर तिथे नेली.

तिथे जे नव्हतं ते मी पाहिलं.

हात ताटाच्या कडेवर आला आणि थांबला. जणू मी काही बोलण्याची वाट पाहत होता.

"आक्काचा हात सोडू नको हां," मी म्हटलं. माझाच आवाज मला लहान मुलासारखा वाटला. "मी विसरलो तरी."

ताट आत गेलं. दार लागलं. कडी बसली. मी तिथेच उभा राहिलो, उत्तर मिळेल या आशेने, आणि मिळू नये अशीही. 

मग आतून आवाज आला. कट्ट.

तेवढ्यात वीज आली, लूम सुरू झाले, आणि पुढचं मला काही ऐकू आलं नाही.